नाते या रकान्याची खातरी

फॉर्म भरणं हे काम जगात कोणालाच आवडत नाही. त्रिशला मगदूमला मात्र दुसऱ्यांनी भरलेले फॉर्म तपासायला मनापासून आवडायचं, आणि गेली अठरा वर्षं तेच तिच्या पोटापाण्याचं साधन होतं. सांगलीत विश्रामबागेत, चष्म्याच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर, ती आणि तिची भागीदार शाहीन मुल्ला मिळून वेबसाइटच्या फॉर्मसाठी एक प्लगइन बनवत. प्लगइन म्हणजे वेबसाइटला मागाहून जोडायचा भाग. मिक्सरला जास्तीचं भांडं बसवावं तसा तो बसवला की वेबसाइट एक नवं काम करू लागते. यांच्या प्लगइनचं काम एकच, रकान्यात लिहिलेलं चालण्यासारखं आहे की नाही ते बघणं.

पूर्वी हे काम सोपं आणि जरा बिनडोकच होतं. फोन नंबरात दहा आकडे हवेत, पिनकोडात सहा, जन्मतारीख उद्याची नको. एवढं जमलं की रकान्याला हिरवी कड यायची, नाहीतर लाल. माणसं मात्र वस्ताद. दहा आकडे हवेत ना, मग घ्या दहा वेळा नऊ. पत्ता सक्तीचा आहे ना, मग लिहा 'घरी'. मशीनला आकडे मोजता येत होते, खरंखोटं कळत नव्हतं.

ते कळायला लागलं 'खातरी'मुळे, आणि खातरी ही त्रिशलाच्या डोक्यातून निघालेली.

तिच्यामागचं शास्त्र कोणालाही समजेल असं आहे. लिहिताना एका कळेवरून दुसरीवर जायला आपल्या बोटांना सेकंदाचा जो लहानसा तुकडा लागतो, तो प्रत्येकाचा वेगळा असतो. स्वतःचं नाव लिहिताना बोटं विचार करत नाहीत, आपली धावत सुटतात. रचून लिहायचं असलं की मेंदूला आधी खरं उत्तर बाजूला सारावं लागतं, मग दुसरं शोधावं लागतं, आणि त्या खटपटीत बोट शब्दाच्या मध्येच कुठेतरी अडतं. त्यात नव्या फोनच्या काचांना बोटाच्या टोकातली नाडीही कळू लागली होती. त्रिशलाची अक्कल अशी की तिने प्रत्येक फॉर्मचे पहिले तीन रकाने, नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव, कसोटीला धरले. या तीन गोष्टींत सहसा कोणी रचून लिहीत नाही. त्यांच्यावरून खातरी त्या माणसाची खरं लिहिण्याची लय शिकायची आणि पुढचा प्रत्येक रकाना त्या लयीवर घासून बघायची. उत्तर काय आहे याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. लिहिणाऱ्याला स्वतःला ते पटतंय का, एवढंच ती सांगायची.

तीन वर्षांत विमा कंपन्यांनी, शाळांनी, रुग्णालयांनी आणि लग्न जुळवणाऱ्या वेबसाइटींनी खातरी लावून घेतली. 'दारू घेता का' या रकान्यावर भल्याभल्यांची भंबेरी उडाली. एका शाळेच्या प्रवेशअर्जात 'घरी मुलाचा अभ्यास कोण घेतं' असं विचारलं होतं, तिथे तर निम्म्या सांगलीतले बाप लाल झाले. लोक आधी चिडले, नंतर सरावले, आणि फॉर्म भरताना खरं लिहावं लागतं ही गोष्ट सीटबेल्टसारखी अंगवळणी पडली.

त्रिशलाने हे सगळं कशासाठी केलं, ते फक्त शाहीनला ठाऊक होतं.

त्रिशलाला पाठची एक बहीण होती, चंदना. आई दोघींना नावाने क्वचितच हाक मारायची. थोरलीला उठव, धाकटीला जेवायला बोलव, असंच चालायचं. भांड्यांवर नावं घालणारा दारावर आला तेव्हा आईने दोन नव्या ताटांवर तेच शब्द घालून घेतले होते, एकावर 'थोरली', एकावर 'धाकटी'. पुढे आई आणि आप्पा दोघंही गेले आणि चंदनाचं सगळं त्रिशलाच बघू लागली. चंदनाचं लग्न झालं आणि चार महिन्यांत मोडलं, तेव्हा कोर्टाच्या पायऱ्याही तिनेच झिजवल्या. दोन वर्षांनी दुसऱ्या स्थळासाठी वेबसाइटवर चंदनाचा फॉर्म भरायचा ठरला, तेव्हा चंदना म्हणाली, अक्का, तूच भर, तुझा हातखंडा आहे.

फॉर्म बारा पानी होता. 'यापूर्वी विवाह झाला होता का?' या रकान्यावर सक्तीची लाल चांदणी होती. 'हो' म्हटलं की कोर्टाच्या निकालाचा क्रमांक मागणारं वेगळं पान उघडायचं, आणि निकालाची प्रत गावच्या कपाटात होती. फॉर्म तयार करणाऱ्या माणसांची एक खोड असते. सक्तीचा रकाना आडवा आला की त्यात तात्पुरतं काहीतरी भरायचं, पुढे जाऊन बाकीची पानं बघायची आणि नंतर मागे येऊन दुरुस्त करायचं. दिवसातून पन्नास वेळा त्रिशला हेच करायची. तिने 'नाही' निवडलं, पुढे गेली, फोटो चढवले, आणि मागे यायचं विसरली.

निपाणीच्या एका घराला स्थळ पसंत पडलं. फॉर्मात सगळं लिहिलेलं आहे, म्हणजे त्यांना माहीत आहे, अशा समजुतीत चंदना होती. साखरपुड्याच्या दिवशी त्यांच्या कोणा नातेवाइकाकडून आधीचं लग्न उघड झालं. मुलाच्या आईने त्या पानाची छापील प्रत भर मांडवात चंदनाच्या हातात दिली. घरी आल्यावर चंदनाने एकच विचारलं, तुला माझी लाज वाटली का? आणि त्रिशलाने उत्तर दिलं, अगं, ते तात्पुरतं टाकलं होतं. हे उत्तर शंभर टक्के खरं होतं आणि त्याहून वाईट उत्तर शोधून सापडलं नसतं. आठवड्याभरात चंदना बेळगावला निघून गेली. तिथे ती एका दवाखान्यात दातांच्या कवळ्या बनवते, एवढं इकडून तिकडून कळलं होतं. सांगलीहून बेळगाव अडीच-तीन तासांवर. त्याला नऊ वर्षं झाली होती. त्रिशला अजून 'थोरली'त जेवायची आणि 'धाकटी' दर दिवाळीला घासून परत फडताळात ठेवायची. ताट घासताना तिला बहिणीची इतकी आठवण यायची की ते काम ती बाईला करू देत नसे.

खातरी निघाली ती या नऊ वर्षांतून. कोणाचंही तात्पुरतं यापुढे खपू नये, म्हणून.

त्या वर्षी जानेवारीत त्रिशलाच्या गळ्यात गाठ निघाली. जिवावरचं काही नाही, पण काढावी लागेल, असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं. गाठ आवाजाच्या नसेला खेटून आहे, नस वाचवायचा पूर्ण प्रयत्न करू, पण थोड्या लोकांचा आवाज बदलतो किंवा बसतो, हेही सांगितलं. गुरुवारी सकाळी भरती व्हायचं होतं. त्याआधी वेबसाइटवर भरतीचा फॉर्म भरायचा होता, आणि त्या फॉर्मला अर्थातच खातरी लावलेली होती.

सोमवारी दुपारी ऑफिसात बसून तिने तो उघडला. नाव, जन्मतारीख, जन्मगाव झालं. औषधं, जुने आजार, सगळं हिरवं. मग तो रकाना आला, 'काही झाल्यास सर्वांत आधी कोणाला कळवावे?' पुढे नाव, फोन आणि नाते.

तिने शाहीनचं नाव लिहिलं. लाल. हात नीट पडला नसेल म्हणून पुन्हा लिहिलं, पुन्हा लाल. मग शेजारच्या कुलकर्णी काकूंचं लिहिलं, तेही लाल. शेवटी तिने 'कोणी नाही' लिहिलं, तर कड अशी लालभडक झाली की पलीकडच्या टेबलावरून शाहीनलाही दिसली.

शाहीन उठून आली आणि तिच्या खुर्चीमागे उभी राहिली. तिला वाईट वाटलं नाही, निदान तसं तिने दाखवलं नाही. रुग्णालयाच्या फॉर्मवरची खातरी मी पाच मिनिटं बंद ठेवते, तू माझं नाव टाकून मोकळी हो, असं तिने सुचवलं. किल्ली दोघींकडेही होती आणि कोणाला पत्ताही लागला नसता.

"नको," त्रिशला म्हणाली. "तात्पुरतं एकदा करून बघितलंय मी."

शाहीन चहा आणायला खाली गेल्यावर तिने बहिणीचं नाव लिहिलं. नऊ वर्षांत तिच्या बोटांनी ते एकदाही लिहिलं नव्हतं, तरी ती धावत गेली. हिरवं. फोन नंबर डोळे मिटून लिहिला, तोही हिरवा. नाते, बहीण. इथे हात रकान्यावर जरा रेंगाळला, पण कड हिरवी आली. मशीनच्या मते तिचं काम झालं होतं.

पण फॉर्मचा आणखी एक नियम होता, आणि तोही तिनेच घातलेला. ज्याचं नाव दिलं त्याचाही होकार हवा. त्या नंबरवर दुवा जायचा, तो उघडला की पहिले तीन रकाने कसोटीचे आणि चौथा एकच प्रश्न, 'यांच्याशी आपले नाते'. दोन दिवसांत तो रकाना हिरवा झाला नाही तर नाव आपोआप गळायचं. त्रिशलाने 'पाठवा'वर बोट टेकवलं आणि मग उरलेला दिवस तिने काही काम केलं नाही.

मंगळवारी अकराच्या सुमारास तिच्या पडद्यावर बेळगावची ओळ उगवली. ओळीत शब्द दिसत नसत, फक्त वेळ आणि रंग दिसायचे. पहिले तीन रकाने हिरवे. चौथा लाल. पुन्हा लाल. दहा मिनिटांत सहा वेळा लाल, आणि मग फॉर्म बंद झाल्याची खूण.

सहा वेळा. पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते हेच की चंदनाने काहीतरी टोचून लिहिलं असेल, आणि तेही मनापासून नसेल. मग तिने वेळा उलगडून बघितल्या आणि तिला लोंढेबाईंची आठवण झाली.

लोंढेबाई म्हणजे तासगावच्या निवृत्त शिक्षिका. दोन आठवड्यांपूर्वी त्यांची तक्रार आली होती. पेन्शनच्या फॉर्मात पतीच्या रकान्यात त्यांना 'मयत' लिहायचं होतं आणि खातरी ते घेत नव्हती. शांतपणे पुन्हा भरावे, असं ठरलेलं उत्तर त्रिशलाने पाठवलं होतं. त्यावर बाईंनी कळवलं की मी चाळीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलं आहे, मी खोटं लिहीत नाही, मला तो शब्द लिहायला जड जातो. तेव्हा त्रिशलाने त्यांच्या वेळा बघितल्या होत्या. खोटं लिहिणारा शब्दाच्या पोटात अडखळतो. बाई शब्दाच्या आधी थांबत होत्या, चांगल्या अर्धा-अर्धा मिनिट, आणि मग तो एका दमात लिहीत होत्या. मशीनला थांबणं एवढंच कळत होतं. हा फरक नियमात घालू या, असं ती म्हणाली होती, पण तसं केलं तर हुशार लबाड आधी थांबायला शिकतील, असा शाहीनचा आक्षेप होता आणि तो चुकीचा नव्हता. विषय तिथेच राहिला होता.

बेळगावची ओळ लोंढेबाईंसारखी होती. चंदना पहिल्या वेळी एकोणीस सेकंद थांबली होती, चौथ्या वेळी एक्केचाळीस. आणि शब्द दर वेळी सलग.

त्रिशलाने फोन उचलला. नऊ वर्षं न लावलेला नंबर लावायला तिला फॉर्मची गरज पडली होती, आणि आता फॉर्मने पाय मागे घेतल्यावर तिच्याकडे नुसता आवाज उरला होता. तोही गुरुवारपर्यंतच हक्काचा होता. तीन वेळा वाजून फोन उचलला गेला. पलीकडे कसलंतरी घासकाम चालू होतं, ते थांबलं.

"अक्का," चंदना म्हणाली, "तुझा फॉर्म मला बहीण म्हणू देईना."

आवाज जायला गुरुवारची वाट बघावी लागणार नाही असं त्रिशलाला वाटलं.

"सहा वेळा लिहिलं. सहाही वेळा लाल. म्हटलं, राहू दे, मशीनलाबी कळलंय."

"मशीनला काही कळत नाही. मीच केलंय ते, मला ठाऊक आहे." मग तिने जमेल तसं सांगितलं, आधी थांबणं वेगळं आणि मध्ये अडखळणं वेगळं. "तू आधी थांबलीस. एकदा एक्केचाळीस सेकंद. खोटं लिहिणारं माणूस तसं थांबत नाही, चंदा. जड झालेलं थांबतं."

पलीकडे बराच वेळ काही नाही. त्रिशलाने ते सेकंद मोजायचे टाळले.

"तुला माझी लाज वाटली होती का?" चंदनाने विचारलं. प्रश्न तोच, नऊ वर्षांपूर्वीचा.

"नाही. कधीच नाही. मला पुढच्या पानावर जायचं होतं. तुझ्या आयुष्यातल्या सगळ्यात अवघड उत्तरापाशी मी थांबले नाही. दोन मिनिटंसुद्धा नाही. एवढंच खरं आहे, आणि ते वाईटच आहे. मला माफ कर."

दुव्यात भरतीचं कारण लिहिलेलं होतं. ऑपरेशन कधी, असं चंदनाने विचारलं, आणि आवाजाचं ऐकल्यावर म्हणाली, म्हणजे आवाज आहे तोवर बोलून घेतीयास होय. त्रिशला हो म्हणाली. येशील का, हा प्रश्न तिच्या ओठांवर आला होता. तो तिने विचारला नाही, कारण 'नाही' ऐकायचं बळ तिच्याकडे नव्हतं.

"मग त्या रकान्यात मी काय लिहू?" चंदनाने शेवटी विचारलं.

"हाताला येईल ते लिही."

त्यावर फोन बंद झाला.

बुधवारी दुपारी शाहीन नेहमीप्रमाणे न बसलेले शब्द बघायला बसली. नाते या रकान्याला खातरीच्या पुढे एक साधी, जुन्या पद्धतीची चाळणीही होती, मान्य शब्दांची यादी. लिहिलेलं खरं असलं तरी यादीत नसेल तर फॉर्म अडायचा आणि तो शब्द यांच्याकडे विचारार्थ यायचा. साडू असाच आला होता, मावसजाऊ आली होती, मानलेला भाऊ तर खूप वादावादीनंतर घेतला होता. शाहीनने पडदा त्रिशलाकडे वळवला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

एकच शब्द आला होता, बेळगावहून. धाकटी.

खातरीची कड हिरवी होती. शब्दाआधीचं थांबणं जवळजवळ शून्य. ज्या हाताला बहीण लिहिताना एक्केचाळीस सेकंद लागले, त्याने हे लिहिताना विचारच केला नव्हता. खाली यादीची सूचना होती, हा शब्द ग्राह्य नाही.

त्रिशला रडली. ऑफिसात, भर दुपारी, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. मग डोळे पुसून तिने यादी उघडली आणि दीर आणि नणंद यांच्या मधोमध तो शब्द घातला. राज्यातल्या दोनशे रुग्णालयांच्या फॉर्मांत त्या घटकेपासून माणसाला कोणाचीतरी धाकटी असता येऊ लागलं. शाहीनने मागाहून 'थोरली'ही घातली. त्याच दिवशी दोघींनी आणखी एक नियम केला. दोनदा लाल झालं की फॉर्मने गप्प बसायचं आणि माणसाने फोन करायचा. पहिला फोन त्रिशलाने तासगावला लावला आणि लोंढेबाईंच्या रकान्यात त्यांच्या वतीने 'मयत' हा शब्द स्वतः भरला. भरण्याआधी ती त्यांच्याशी अर्धा तास त्यांच्या यजमानांविषयी बोलली.

गुरुवारी सकाळी शाहीनने तिला मिरजेत रुग्णालयाच्या दारात सोडलं आणि ती गाडी लावायला जागा शोधत गेली. सूचनांच्या कागदावर लिहिलं होतं, रुग्णाने व सोबत राहणाऱ्याने आपापले ताट-वाटी आणावे. शाहीन संध्याकाळी घरी जाणार होती. तरी त्रिशलाच्या पिशवीत दोन ताटं होती.

खिडकीमागच्या बाईंनी पडद्यावर फॉर्म वाचला, सगळे रकाने हिरवे असल्याचं बघितलं आणि मान वर केली.

"नाते, धाकटी," त्या म्हणाल्या. "म्हणजे कोण हो?"

"माझी बहीण," त्रिशला म्हणाली. गेल्या नऊ वर्षांत हे दोन शब्द तिने कोणा परक्यासमोर उच्चारले नव्हते. ते नीट, स्वच्छ आवाजात आले.

बाईंनी शिक्का मारला आणि बोलावतील तोवर बसायला सांगितलं. ती येणार आहे का, असं त्यांनी विचारलं नाही. फॉर्मात तसा रकाना नव्हता. बेळगावची पहिली गाडी एव्हाना स्टेशनात लागली असेल, असा हिशोब त्रिशलाने मनात केला आणि तो पुन्हा करून बघितला. बाकांच्या तीन रांगा रिकाम्या होत्या. तिने दाराकडे तोंड असलेला बाक निवडला, ताटांची पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली, आणि थोड्या वेळाने ती जागा मोकळी असावी म्हणून पिशवी उचलून मांडीवर घेतली.